मधुमेह, रक्तातली चरबी आणि विसरभोळेपणा: कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडातून मधुमेहाबद्दल जे प्रश्न येतात, त्यांत हल्ली दोन गोष्टी हटकून जोडीने असतात: लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट आणि घरातल्या कुणाचं तरी विसरणं. म्हणून हे पान. इथली सगळी उत्तरं टाइप २ मधुमेहाबद्दल आहेत. तेच तेच परत लिहायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतात ते कळेल. चाळिशी-पन्नाशीत चरबी आणि ब्लड प्रेशरबाबत कडक राहावं आणि सत्तरीनंतर शुगर घसरू नये म्हणून जपावं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पन्नाशीतला माणूस कोलेस्टेरॉलची गोळी टाळतो आणि पंचाहत्तरीच्या आजीची शुगर मात्र शंभरवर आणायची घरभर धडपड सुरू असते.

१. लिपिड प्रोफाइलमध्ये इतके आकडे असतात. त्यातला बघायचा कोणता?

मधुमेह असेल तर आधी दोन बघा: एलडीएल आणि नॉन-एचडीएल. एलडीएल हे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरून साठणारं कोलेस्टेरॉल. नॉन-एचडीएल अनेक लॅब छापतच नाहीत, पण त्याला एक वजाबाकी पुरते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वजा करायचं.

समजा रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) २९० आणि एलडीएल ११८ आहे. बहुतेक जण २१२ वर बोट ठेवून ‘थोडंसंच जास्त आहे’ म्हणतात आणि कागद फाइलला लावतात. वजाबाकी केली तर नॉन-एचडीएल येतं १७६. मधुमेहासोबत ब्लड प्रेशर, तंबाखू किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या चाळिशीपुढच्या माणसाचा एलडीएल ७० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १०० च्या खाली असावा, असं आज मानलं जातं. म्हणजे हा रिपोर्ट ‘थोडासा’ जास्त नाही, बराच जास्त आहे. हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर एलडीएलची मर्यादा आणखी खाली, ५५ वर येते.

ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या वर असावं. हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे आपल्याकडच्या लॅब जे माप वापरतात त्यातले.

२. आजार साखरेचा, मग चरबी का बिघडते?

कारण इन्सुलिन फक्त साखर सांभाळत नाही. पोटावर साठलेली चरबी जागच्या जागी रोखून धरणं हेही त्याचंच काम. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ती चरबी सुटते आणि यकृताकडे येते. यकृत तिच्यापासून ट्रायग्लिसराइडने भरलेले कण बनवून रक्तात सोडत राहतं. त्या कणांची रक्तातल्या एचडीएल आणि एलडीएलशी देवाणघेवाण होते. त्यात एचडीएल लवकर संपतं आणि एलडीएलचे कण लहान, घट्ट होतात.

म्हणून मधुमेहात एक ठरावीक चित्र दिसतं: ट्रायग्लिसराइड वाढलेलं, एचडीएल कमी आणि एलडीएलचा आकडा बरा दिसत असला तरी कणांची संख्या जास्त. बारीक अंगकाठीच्या माणसांतही हे दिसतं. ‘मी कुठे जाडा आहे’ हे कारण इथे चालत नाही. कमरेचा घेर बघा.

३. एकूण कोलेस्टेरॉल १७५ आहे, लॅबनेही नॉर्मल लिहिलंय. तरी डॉक्टरांनी गोळी का दिली?

लॅबने छापलेली मर्यादा सगळ्यांसाठी एकच असते. तुमची मर्यादा तुमच्या धोक्यावरून ठरते. शिवाय एचडीएल खूप कमी असेल तर एकूण आकडा आपोआप खाली येतो आणि रिपोर्ट चांगला वाटतो. चाळीस ते पंचाहत्तर वयाच्या मधुमेह असलेल्या माणसाला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, देणं ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे, मग एकूण कोलेस्टेरॉल काहीही असो.

४. तपासणीला उपाशीपोटी जावंच लागतं का? पहाटेची एसटी पकडून तालुक्याला पोचेपर्यंत बाबांची शुगर उतरते.

लिपिडसाठी बहुतेक वेळा नाही. नेहमीचा नाश्ता करून दिलेल्या रक्तावरही एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि नॉन-एचडीएल पुरेसे बरोबर येतात. एचबीए१सीलाही, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीलाही, उपास लागत नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तर मात्र उपाशीपोटी परत तपासावं, कारण अनेक लॅब एलडीएल मोजत नाहीत, सूत्राने काढतात आणि ते सूत्र ४०० च्या पुढे चालत नाही.

फास्टिंग शुगरसाठी उपाशी जायचंच असेल तर सकाळची इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर पाडणारी गोळी घरून निघण्याआधी घेऊ नका. ती पिशवीत ठेवा, रक्त दिल्यावर खाण्याबरोबर घ्या. घाटातल्या एसटीत, पोटात काही नसताना, गोळी घेऊन बसलेला म्हातारा माणूस हे चित्र मी फार वेळा पाहिलं आहे आणि ते टाळता येतं.

५. मेंदूतच भरपूर कोलेस्टेरॉल असतं म्हणे. मग रक्तातल्या कोलेस्टेरॉलने मेंदूचं काय बिघडतं?

पहिली गोष्ट खरी आहे. शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा मेंदूत असतो. पण मेंदू ते स्वतः तयार करतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा आहे, तो रक्तातलं कोलेस्टेरॉल आत येऊ देत नाही. त्यामुळे रक्तातलं कमी केलं तर मेंदूला कमी पडेल, ही भीती बाळगू नका.

नुकसान होतं ते वाहिन्यांचं. मानेतल्या मोठ्या धमन्यांत थर बसतात, त्यातून पक्षाघात होतो, हे लोकांना माहीत असतं. मेंदूच्या आतल्या भागात केसासारख्या बारीक वाहिन्या असतात, त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वाढलेली साखर, वाढलेलं ब्लड प्रेशर आणि चरबी मिळून त्यांना जाड आणि अरुंद करतात. पोफळीच्या बागेत मुख्य पाट भरून वाहत असला तरी मधले बारीक पाट बुजले की टोकाची झाडं सुकतात, तसं इथे होतं. अशी एखादी वाहिनी बंद पडली तर तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही, घरात कुणाला पत्ताही लागत नाही. असे ठिपके वर्षानुवर्षं वाढत गेले की विचार मंदावतो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पांढरे डाग किंवा ‘स्मॉल व्हेसल’ असा उल्लेख असतो तो याचाच.

अल्झायमर हा वेगळा आजार आहे. पण उतारवयात तो आणि वाहिन्यांचं नुकसान बऱ्याचदा एकाच मेंदूत सापडतात आणि दोन्ही असले तर लक्षणं लवकर दिसतात.

६. म्हणजे मधुमेह आहे म्हटल्यावर स्मृतिभ्रंश होणारच का?

नाही. टाइप २ मधुमेहात धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. वाहिन्यांमुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीच्या घरात जातो. पण मुळात भारतात साठीपुढच्या शंभरांत सातजणांना स्मृतिभ्रंश आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासात हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं निघालं. मधुमेह असलेल्या बहुतेकांना तो होत नाही.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये बदलता येण्यासारखी चौदा कारणं सांगितली. मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल आणि उपचार न केलेली कमी दृष्टी ही दोन त्या वर्षी नव्याने यादीत आली. मधुमेह, ब्लड प्रेशर, तंबाखू ओढणं आणि ऐकू कमी येणं आधीपासून होतीच. ही सगळी कारणं हाताळली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येतील, असा तिचा अंदाज आहे. म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘भातकापणी झाल्यावर बघू’ म्हणत तीन वर्षं लांबवू नका.

७. वयाचा विसर आणि आजाराचा विसर यांत फरक कसा ओळखायचा?

शेजाऱ्याचं नाव पटकन आठवलं नाही, चष्मा कुठे ठेवला ते विसरलं, हे वयाबरोबर येतं. मधुमेहात आणि वाहिन्यांच्या नुकसानीत घसरण बऱ्याचदा आठवणीपासून सुरूच होत नाही. आधी विचारांचा वेग मंदावतो. मग चार पायऱ्यांचं काम आखून शेवटाला नेणं जमेनासं होतं.

घरात ते असं दिसतं. जिने आयुष्यभर चतुर्थीला वीस माणसांचं जेवण एकटीने उरकलं, ती आता नारळ खवून ठेवते, गूळ काढून ठेवते, आधण उकळून आटून जातं आणि पीठ घालायचं राहतं. मग चुलीपुढे नुसती उभी राहते. कालवणात तिरफळं दोनदा पडतात. ज्यांना काजूबियांच्या वजनाचा आणि पैशांचा हिशेब तोंडपाठ होता, ते व्यापाऱ्याने दिलेल्या नोटा न मोजता खिशात घालतात, कारण मोजताना मध्येच अडकायला होतं. तीच माणसं संध्याकाळी भजनात अख्खे अभंग न चुकता म्हणतात. त्यामुळे घरचे समजतात, डोकं तर साफ आहे. जुन्या पाठांतरावरून काही ठरवू नका. ते शेवटपर्यंत टिकू शकतं.

जे काम हा माणूस स्वतः, रोज, सहज करायचा ते गेल्या सहा महिने-वर्षभरात अडायला लागलंय का, एवढं बघा. आणि हे घरच्यांना विचारा. ज्याला त्रास आहे तो बहुतेकदा ‘माका काय झाला नाय’ असंच सांगणार. उत्तर हो असेल तर प्रश्न १६ मधल्या तपासण्या करून घ्या.

८. कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्मरणशक्ती जाते, असा मेसेज फिरतोय. बंद करू का?

करू नका. या मेसेजच्या मागे खरी गोष्ट एवढीच आहे: २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी स्टॅटिनच्या माहितीपत्रकात, काही रुग्णांनी विसर पडण्याची तक्रार केली आहे, ती गंभीर नसते आणि गोळी थांबवल्यावर जाते, असं लिहायला लावलं. ती लोकांनी कळवलेल्या तक्रारींची नोंद होती. मोठ्या चाचण्यांत, जिथे निम्म्यांना स्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी दिली होती, तिथे फरक दिसला नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी तर खास सत्तर ते ब्याऐंशी वयाच्या ५,८०४ जणांवर झाली. तीन वर्षांहून अधिक काळ त्यांच्या स्मरणशक्तीच्या परीक्षा घेतल्या. दोन्ही गटांची घसरण सारखीच होती.

अंगदुखीचंही असंच आहे. २०२० च्या एका छोट्या पण हुशारीने आखलेल्या चाचणीत, स्टॅटिनमुळे त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने नकली गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जाणवलेल्या त्रासापैकी ९० टक्के त्रास नकली गोळीच्या महिन्यांतही जाणवला. माणसाला दुखत होतं हे खरंच होतं. पण कारण गोळीतलं औषध नव्हतं.

तरीही एखाद्याला गोळी सुरू केल्याच्या काही आठवड्यांतच फरक जाणवला असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांना सांगा. ते थोडे दिवस थांबवून पाहतील किंवा दुसरी स्टॅटिन देतील. स्टेंट बसवला असेल किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर स्वतःच्या मनाने एक आठवडाही बंद करू नका.

९. पण स्टॅटिनने शुगर वाढते ना?

किंचित वाढते. ज्यांना मधुमेह आहेच त्यांच्या एचबीए१सीत सहसा जाणवेल असा फरक पडत नाही. हार्ट ॲटॅक आणि पक्षाघात टळण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे.

१०. आमच्या घरी नारळाशिवाय काही होत नाही. खोबरेल तेल मेंदूला चांगलं, असंही ऐकलंय.

खोबरेल तेलातली ८० टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त प्रकारची आहे. ते इतर वनस्पती तेलांच्या जागी वापरलं तर एलडीएल वाढतं. एचडीएलही थोडं वाढतं, पण त्याने एलडीएलचं नुकसान भरून निघतं असं दिसलेलं नाही. स्मृतिभ्रंशावर खोबरेल तेल चालतं याला भरवशाचा पुरावा नाही. रोज सकाळी दोन चमचे तेल पिणाऱ्यांनी ते थांबवावं.

ओलं खोबरं वेगळं. त्यात चरबीबरोबर चोथा आणि पाणी असतं. कालवणाला वाटप घालणारच. फक्त चार माणसांच्या कालवणाला अख्खा नारळ, वर भाजीवर खोबरं, वर सोलकढीला दुसरा नारळ, असं रोज होत असेल तर बेरीज करा. एलडीएल ७० च्या खाली आणायचंय आणि येत नाहीये, तर नारळ निम्म्यावर आणा, तळणाला शेंगदाणा किंवा तिळाचं तेल घ्या आणि आठ-दहा आठवड्यांनी परत तपासा. सोलकढीऐवजी कोकमाचं आगळ पाण्यात घालून, मीठ बेताचं टाकून घेता येतं. बाटलीतलं गोड कोकम सरबत मात्र नको, तो साखरेचा पाक आहे.

११. मासे चांगले की वाईट? कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं ना?

बांगडा, तारली, पेडवे हे आपले स्वस्त मासे या बाबतीत सगळ्यांत चांगले. त्यांत ओमेगा-३ भरपूर असतं. पापलेट-सुरमई परवडत नाही म्हणून हळहळू नका. आठवड्यातून दोन-तीनदा बांगड्याचं तिखलं खाल्लंत तर औषधाच्या दुकानातल्या मासळीच्या तेलाच्या कॅप्सूलवर पैसे घालवायची गरज नाही. त्या साध्या कॅप्सूलनी स्मृतिभ्रंश टळतो असंही सिद्ध झालेलं नाही. पण रव्यात घोळवून दोन पळ्या तेलात तळलेला मासा रोज खायचा नाही.

कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं, पण संपृक्त चरबी नगण्य. रक्तातलं एलडीएल जास्त करून संपृक्त चरबीने वाढतं, म्हणून अधूनमधून कोळंबी चालते. पावसाळ्यात सुकट, सोडे, बोंबील, खारा बांगडा यांवर भर असतो. तिथे काळजी मिठाची. ब्लड प्रेशर असलेल्यांनी सुकी मासळी दोनदा पाण्यातून काढावी आणि वरून मीठ घालू नये.

१२. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. ट्रायग्लिसराइड यानेच वाढतं का?

बऱ्याच अंशी हो. तेलकट न खाताही ट्रायग्लिसराइड वाढतं, हे लोकांना पटत नाही. जास्तीच्या साखरेची आणि पिठूळ पदार्थांची चरबी यकृत बनवतं (प्रश्न २). उकड्या तांदळाची पेज पांढऱ्या तांदळाच्या मऊ भातापेक्षा बरी, पण वाडगाभर पेज म्हणजे तांदूळच. तिच्याबरोबर कुळथाची पिठी, उसळ, अंडं किंवा मासा असू द्या आणि पेज अर्धी करा. रात्री नाचणीची भाकरी चालते, पण दोनच.

हापूसच्या दिवसांत मार्चमध्ये १८० असलेलं ट्रायग्लिसराइड मेअखेरीस ३०० दिसलं तर नवल नाही. शुगर आटोक्यात असेल तर अर्धा आंबा, जेवणानंतर नव्हे, नाश्त्याच्या वेळी, आणि त्या दिवशी भात कमी. आमरस नको. दारू, मग ती माडी असो, फेणी असो की बाटलीतली, ट्रायग्लिसराइड वाढवते आणि गोळ्या-इन्सुलिनवर असलेल्यांची शुगर रात्री खाली पाडते. ‘माडी नैसर्गिक आहे’ म्हणून यकृत तिला सूट देत नाही.

१३. शुगर जितकी कमी ठेवू तितकं डोकं चांगलं राहील का?

याचं उत्तर अनेकांना चकवतं. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या ॲकॉर्ड या मोठ्या चाचणीत एका गटाची एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न केला, दुसऱ्याची ७ ते ७.९ ठेवली. साडेतीन वर्षांच्या सुमाराने स्मरण आणि विचारशक्तीच्या परीक्षेत दोन्ही गट सारखे निघाले. उलट कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू जास्त होऊ लागल्याने २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. त्याच चाचणीत फेनोफायब्रेट देऊन ट्रायग्लिसराइड कमी केलेल्यांचीही विचारशक्ती वेगळी निघाली नाही.

शुगर खूप पडणं मेंदूला महागात पडतं. शुगर पडून दवाखान्यात न्यावं लागलं, असे तीन किंवा जास्त प्रसंग झालेल्या रुग्णांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. यात उलटा धागाही आहे: विसर पडणारा माणूस गोळी दोनदा घेतो, म्हणून त्याची शुगर पडते. कुठूनही धरा, म्हाताऱ्या माणसाची शुगर पडू न देणं हेच हाती राहतं. पन्नाशीत एचबीए१सी ७ च्या खाली ठेवा. विसर सुरू झालेल्या, अनेक आजार असलेल्या माणसाला ८ च्या खाली असली की पुरे. दर भेटीत डॉक्टरांना विचारा: यातली शुगर पाडणारी गोळी कोणती आणि ती कमी करता येईल का?

१४. आई गावाला एकटी असते, आम्ही मुंबईला. गोळ्या नीट घेते की नाही कसं कळणार?

फोनवर ‘गोळी घेतलीस का?’ विचारलं तर उत्तर ‘होय’ असंच येणार. त्याऐवजी व्हिडिओ कॉलवर पाकीट दाखवायला सांगा. महिन्याच्या गोळ्या चाळीस दिवस पुरल्या तर चुकतायत, वीस दिवसांत संपल्या तर दोनदा घेतल्या जातायत. दुसरं जास्त धोक्याचं. इन्सुलिनबद्दल तर हे फारच महत्त्वाचं, कारण टोचलेलं दिसत नाही आणि परत टोचलं जातं.

डॉक्टरांना भेटून गोळ्या दिवसातून एकदाच बसतील असं बघा. सोमवार ते रविवार खणांचा डबा घ्या आणि तो भरायचं काम शेजारच्या वहिनीला किंवा भावजयीला सांगा, आईला नको. गावातल्या आशाताईंना तुमचा नंबर देऊन ठेवा. इन्सुलिनचं पेन वापरात असताना फ्रिजबाहेर चार आठवडे चालतं, फक्त ऊन आणि चुलीजवळची जागा नको. पावसात दोन दोन दिवस वीज जाते तेव्हा बिघडलं असेल म्हणून फेकू नका. न उघडलेली पेनं मात्र माठाजवळ थंडाव्याला ठेवा आणि वीज आल्यावर परत फ्रिजमध्ये.

गणपतीला किंवा शिमग्याला घरी आलात की स्वयंपाकघरात तिच्याबरोबर एक सकाळ काढा. प्रश्न ७ मध्ये लिहिलेलं त्या एका सकाळीत दिसेल.

१५. काल ठीक होते, आज सकाळपासून काहीतरीच बरळतायत. हा स्मृतिभ्रंश का?

नाही. स्मृतिभ्रंश एका रात्रीत येत नाही. आधी लगेच शुगर तपासा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत, गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, मग खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांची शुगर सावरून परत पडते, म्हणून साखर देऊन घरीच बसू नका, दवाखान्यात न्या.

शुगर ठीक असेल आणि तोंड वाकडं, हात पडलेला, बोलणं जड असं काही असेल तर तो पक्षाघात. गाठ विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. जिथे स्कॅन आहे तिथेच थेट जा. ओरोस, रत्नागिरी, अलिबाग, डेरवण की बांबोळी, तुमच्या गावाहून कुठे लवकर पोचता येईल हे आजच ठरवून ठेवा.

ताप असेल तर पावसाळ्यात शेतात वावरणाऱ्या माणसात लेप्टो आणि मलेरिया मनात यायलाच हवेत. लघवीचा संसर्गही म्हाताऱ्यांत असाच गोंधळ घालतो. ब्लड प्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर सोडियम तपासायला सांगा.

१६. विसर पडायला लागलाय. एमआरआय लगेच करायचा का?

आधी स्वस्त तपासण्या. बी१२: मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होतं आणि शाकाहारी असाल तर जास्तच. टीएसएच: थायरॉइड मंद असेल तर विचारही मंदावतात आणि एलडीएलही वाढतं, एका गोळीने दोन्ही सुधारू शकतं. सोडियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. कान आणि डोळे. सगळ्या औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर ओता, कारण सर्दीच्या, झोपेच्या, लघवी रोखण्याच्या आणि नसांच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांनीही विसर पडतो. उदासीचीही चौकशी हवी. जोडीदार गेल्यावर वर्षभरात आलेला विसर बऱ्याचदा उपचाराने सावरतो.

तोंडी चाचणी घेतली जाईल तेव्हा शिक्षण किती झालं ते सांगा. शाळा न पाहिलेल्या आजीला घड्याळ काढता आलं नाही यावरून काही ठरत नाही. यानंतर डॉक्टरांना गरज वाटली तर एमआरआय.

१७. ट्रायग्लिसराइड ११०० आलंय. हार्ट ॲटॅक येईल का?

आधी धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा. ५०० च्या पुढे तो सुरू होतो, १००० च्या पुढे बराच वाढतो. दारू पूर्ण बंद, तेल-तूप अगदी कमी आणि शुगर त्वरित आटोक्यात. अशा आकड्यामागे बहुतेक वेळा तीन-चारशेची शुगर असते आणि ती उतरली की ट्रायग्लिसराइडही धाडकन उतरतं. इथे फेनोफायब्रेटचा उपयोग आहे. २५०-३०० असेल तर मात्र स्टॅटिन, आहार आणि चालणं आधी. स्टॅटिनवर असलेल्या मधुमेहींना याच जातीचं पेमाफायब्रेट देऊन पाहिलं, ट्रायग्लिसराइड उतरलं, पण हृदयाचे झटके कमी झाले नाहीत, हे २०२२ मध्ये दिसलं. पोटात वर दुखून पाठीत कळ जात असेल तर रात्र घालवू नका.

१८. गणपतीत पपनस खाल्लं तर स्टॅटिन बाधते का?

पपनस, म्हणजे आपलं तोरंजन, ग्रेपफ्रूटच्या जवळचं फळ. त्यातले काही घटक ॲटोरव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन शरीरात जास्त वेळ रेंगाळू देतात. प्रसादाच्या दोन फोडींनी काही होत नाही. परसात झाड आहे म्हणून महिनाभर रोज रस पिऊ नका. रोझुव्हास्टॅटिनला ही अडचण नाही.

१९. वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनने विसरही कमी होतो का?

सेमाग्लुटाइड शुगर, वजन आणि हृदयासाठी चांगलं आहे. पण सुरुवातीचा अल्झायमर असलेल्यांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत आजाराचा वेग त्याने कमी झाला नाही, हे २०२५ मध्ये जाहीर झालं. विसरासाठी म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका.

२०. आजोबा ८१ वर्षांचे. काही न करता एलडीएल १२० वरून ७५ झालं. चांगलंच ना?

मला याची काळजी वाटते. उतारवयात कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं ते बऱ्याचदा जेवण आणि वजन घटल्यामुळे आणि स्मृतिभ्रंश दिसायच्या आधीची काही वर्षंही असं घडतं. ‘म्हातारपणी कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांना विसर जास्त’ असे लेख यातूनच येतात. तिथे आजारामुळे कोलेस्टेरॉल उतरलेलं असतं. वजन करा. वर्षात चार-पाच किलो गेले असतील तर शुगरच्या गोळ्यांचा डोसही आता जास्त होत असणार.

२१. आईला स्मृतिभ्रंशाचं निदान झालंय. चरबीची गोळी चालू ठेवायची का?

चालती-बोलती असेल, पूर्वी हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर हो. आणखी एक पक्षाघात टळला तर उरलेली समज टिकते. डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशावरचं औषध सुरू केलं असेल तर भूक मरू शकते, म्हणून ग्लिमेपिराइड त्याच वेळी कमी करून घ्या (प्रश्न १३).

अंथरुणाला खिळलेली असेल, घास गिळताना ठसका लागत असेल, तर चित्र बदलतं. आयुष्याचे थोडेच महिने उरलेल्या रुग्णांत स्टॅटिन थांबवलं तर मृत्यू लक्षणीय वाढले नाहीत आणि माणसाला थोडं बरं वाटलं, असं २०१५ च्या एका चाचणीत दिसलं. तेव्हा ती गोळी थांबवण्यात माया कमी पडत नाही. डॉक्टरांसमोर बसून सगळ्या गोळ्यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे विचारा, हिचा आता आईला काय उपयोग. शुगर पाडणाऱ्या गोळीपासून सुरुवात करा.